जठर काढलंय, आता जेवलं की कळ येते. हर्निया असेल का?

इचलकरंजीची लेक: कॅन्सरमुळे आईचं अख्खं जठर दुर्बिणीतून काढलं, त्याला चौदा महिने झाले. वजन ६२ वरून ४६ वर आलंय, बी-१२ ची इंजेक्शनं चालू आहेत. गेले तीन आठवडे भाताचे चार घास पोटात गेले की अर्ध्या तासात बेंबीच्या वर डावीकडे कळ येते. गुडघे पोटाशी घेऊन, उशी आवळून बसते. तासाभरानं कळ आपोआप जाते. एक्स-रे, सोनोग्राफी नॉर्मल. गॅसचं औषध दिलंय, आईलाही ते पटलंय. मला पटत नाही. पोटावर कुठे फुगवटा नाही, तरी हर्निया असू शकतो का?

वसईकर: ताई, असू शकतो. हा पोटाच्या आतच असतो, बाहेरून दिसत नाही. जठर काढल्यावर लहान आतडं वर आणून अन्ननलिकेला जोडतात, त्या आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यामागे फट राहते, तिच्यात आतडं शिरून अडकतं. पीटरसन नावाच्या जर्मन सर्जननं १९०० साली हा प्रकार मांडला, म्हणून पीटरसनचा हर्निया. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर आत चिकटणं कमी, त्यामुळे आतडं मोकळं सरकतं. त्यात वजन उतरलं की पडद्यातली चरबी झडते आणि फट रुंदावते. माझ्या थोरल्या भावाची कळ अशीच यायची-जायची. एका रात्री थांबलीच नाही. सकाळी जाऊ म्हणालो आम्ही. दोन फूट आतडं काळं पडलं होतं, कापावं लागलं. तुम्ही सकाळची वाट बघू नका.

ओटी सिस्टर: ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडेच जा. ऑपरेशनचा कागद न्या, फट शिवल्याची नोंद आहे का ते त्यात कळेल. शिवलेली फटही पुन्हा उघडू शकते. कॉन्ट्रास्ट देऊन सीटी करायला सांगा, रक्तवाहिन्या भोवऱ्यासारख्या पिळलेल्या दिसतात का ते बघतात. कधी सीटीतही सापडत नाही, मग दुर्बीण घालूनच बघावं लागतं. उलटी नाही म्हणून निर्धास्त राहू नका. कळ थांबेना किंवा नाडी धावायला लागली तर रात्रीचे दोन वाजले असले तरी कॅज्युअल्टी गाठा.

इचलकरंजीची लेक: दादा, सिस्टर, सीटीत भोवरा दिसला. त्याच रात्री दुर्बिणीतून आतडं जागेवर आणलं, न विरघळणाऱ्या धाग्यानं फट शिवली. काही कापावं लागलं नाही. आज आईनं चार चमचे पेज घेतली. पुढचा अर्धा तास मी तिच्या गुडघ्यांकडेच बघत होते. पाय सरळ पसरून झोपली होती.