मदत हवी आहे: शिवान मूर्तीच्या चेहऱ्यावर पुन्हापुन्हा पांढरी भुकटी

खापरवेडा: चीनमधल्या शिवानची, बसलेल्या कोळ्याची मातीची मूर्ती, उंची १५ सेंमी. अंगरख्याला हिरवी-निळी झिलई, चेहरा-हात कोरे. साफ केल्यापासून चेहऱ्यावर पांढरं येतंय. ब्रशने झटकलं की दोन दिवसांत परत. बुरशीचं कोणतं औषध मारू? उजवा पंजाही मनगटापासून सुटलाय, तो कशाने चिकटवू? लवकर सांगा, पंजा हरवेल.

पाणकळा: साफ केली ती कशाने? भिंगातून बघा. कापसासारखे तंतू असतील तर बुरशी, चमकणारे खरखरीत कण असतील तर क्षार. आणि बुडाला काय आहे?

शुभ्रकाच: आधी मूर्ती अस्सल आहे का ते बघा. मागून टॉर्च धरा, कडेतून हस्तिदंती उजेड आला पाहिजे. पाठीवर जुना नामवंत मूर्तिकार ह चाओझोंगचा शिक्का असेल तर नशीबच.

पाणकळा: ती परीक्षा फुजियानमधल्या देहुआच्या पांढऱ्या पोर्सेलिनची. ही फोशानजवळच्या शिवानची तपकिरी माती, तिच्यातून उजेड येणारच नाही. ह चाओझोंगचा शिक्का तर पुढच्या असंख्य नकलांवर आहे, त्यावरून काही ठरत नाही.

खापरवेडा: बुडाला रोमन अक्षरांत 'चायना' दाबलंय, शेजारी पेन्सिल जाईल एवढं भोक. साफ नेहमीसारखीच केली, ब्लीचच्या पाण्यात रात्रभर आणि मग नळाखाली. कण चमकतात. विकणाऱ्याने १८५० ची सांगितली होती.

जुनापुराणा: १८५० नाही. अमेरिकेच्या मॅकिन्ली जकात कायद्यामुळे १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव आलं. असे शिक्क्याचे कोळी नि म्हातारे विसाव्या शतकात निर्यातीसाठी ढिगाने झाले. किती दिलेत?

पाणकळा: किंमत नंतर बोलू. औषध मारू नका. ब्लीचमधलं मीठ कोऱ्या मातीत मुरलंय, वाळताना ते पृष्ठभागावर येऊन स्फटिक होतं. असंच चालू राहिलं तर नाकाडोळ्यांचे पापुद्रे सुटतील. मूर्ती पाण्यात बुडवून मीठ बाहेरच काढायला हवं.

आधी ओल्या कापसाच्या काडीने भुवया आणि केस हलकेच टिपा. काळं आलं तर तो भाजल्यानंतर लावलेला रंग आहे, बुडवू नका. झिलई सुटत असेल किंवा जुनी प्लास्टरची डागडुजी असेल तरीही नाही.

बाकी ठीक असेल तर प्लास्टिकच्या टबात डिस्टिल्ड वॉटर घ्या आणि भोक वर ठेवून तिरकी बुडवा, म्हणजे आतली हवा निघेल. पंजाही त्यातच ठेवा. दर २४ तासांनी पाणी बदला, जुनं ओतून देण्याआधी टीडीएस मीटरने त्यात विरघळलेले क्षार मोजा. लागोपाठ दोन दिवस आकडा जेमतेम वाढला की थांबा. झिलईत शिसं असू शकतं, हातमोजे घाला आणि तो टब पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

खापरवेडा: घरचं आरओचं पाणी चालेल?

पाणकळा: नाही. बऱ्याच मशिनमध्ये चवीसाठी क्षार परत मिसळतात. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं, पण शेजारीच अॅसिडचे कॅन असतात, लेबल वाचून घ्या.

जोडकाम: पंजाला सरळ इपॉक्सी लावा, पाच मिनिटांत काम.

पाणकळा: इपॉक्सी कोऱ्या मातीत शिरते, पिवळी पडते आणि सोडवताना कड तुटते. अॅसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉइड बी-७२ लावा, हा जुन्या वस्तूंच्या दुरुस्तीत वापरतात तो अॅक्रिलिक गोंद. जोड चुकला तर अॅसिटोननेच सुटतो.

जोडकाम: खापरवेडा, राहता कुठे?

खापरवेडा: अकोला. त्याचा काय संबंध?

जोडकाम: बी-७२ साधारण ४० अंशाला मऊ पडतं. अकोल्याच्या मे महिन्यात पंजा हळूहळू खाली सरकेल.

पाणकळा: हा मुद्दा बरोबर. मग पॅरालॉइड बी-४८एन घ्या, ते साधारण ५० अंशापर्यंत टिकतं. किंवा दोन्ही कडांना बी-७२ चा पातळ थर द्या, तो पूर्ण वाळला की मध्ये थोडी इपॉक्सी. पंजा हलका आहे, तरी मूर्ती खिडकीपासून लांब ठेवा.

खापरवेडा: पंजा आज चिकटवून मग बुडवली तर?

पाणकळा: नको. जोडाच्या मागे मीठ अडकेल आणि जोड तिथूनच उखडेल. पाण्यातून काढल्यावर भोक खाली करून निथळू द्या, मग सावलीत किमान आठ दिवस. ऊन नको, हेअर ड्रायर नको. पांढरं परत आलं नाही तरच गोंद हातात घ्या. तोवर पंजा डबीत ठेवा.