इंधनाच्या दराचा हिशेब: आपापल्या कामातलं नेमकं लिहा

पेट्रोलचा आकडा बघून चिडचिड सगळ्यांचीच होते. पण शिव्या नेमक्या कुणाला घालायच्या हे तरी कळावं, म्हणून हा धागा. 'सरकार लुटतंय' याच्या पुढचं लिहा. दर बनतो कसा, पंपावर काय तपासता येतं, धंद्यात फटका कसा झेलतात? स्वतःच्या कहाण्या नकोत.

कराच्या फायलींतला

104 रुपये लिटरचा दर उलगडून बघा. महाराष्ट्रात पेट्रोलवर 25 टक्के व्हॅट आणि वर लिटरमागे 5.12 रुपये. (मुंबई, ठाणे, नवी मुंबईत 2024 च्या अर्थसंकल्पाआधी 26 टक्के होता.) 104 मधून 5.12 वजा करा, उरलेल्याला 1.25 ने भागा: 79.10, ही व्हॅटआधीची किंमत. म्हणजे राज्याचे झाले 24.90. केंद्राचं उत्पादन शुल्क एप्रिल 2025 मध्ये 2 रुपयांनी वाढून 21.90 झालं, तोच आकडा धरला तर दोघांचे मिळून 46.80. उरलेल्या 57.20 मध्ये कच्चं तेल, रिफायनरी, वाहतूक आणि डीलर कमिशन.

मेख अशी की व्हॅट उत्पादन शुल्कासकटच्या किमतीवर लागतो. करावर कर! मे 2022 मध्ये केंद्राने शुल्क 8 रुपयांनी उतरवलं, तेव्हा पेट्रोल साडेनऊ रुपयांनी स्वस्त होईल असं जाहीर झालं होतं. वरचा दीड रुपया राज्यांच्या व्हॅटमधून गेला. शिवाय त्या 21.90 पैकी राज्यांना वाटा मिळतो तो फक्त 1.40 च्या मूळ शुल्कातून. बाकी अधिभार आणि उपकर केंद्राकडेच राहतात. राज्यं व्हॅटला चिकटून का बसतात, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

नोझलधारी

110 किंवा 210 चं भरलं की माप बरोबर मिळतं, ही निव्वळ समजूत. यंत्र लिटरच मोजतं. पहाटे जास्त पेट्रोल मिळतं हेही तसंच; टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही.

शंका आली तर पाच लिटरचं माप मागा. वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असलेलं हे माप प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं. आधी ते पेट्रोलने ओलं करून निथळून घ्यायचं, सपाट जागी ठेवायचं, मग मशीनवर 5 लिटर लावून भरायचं. पातळी मानेवरच्या खुणेशी बघायची. 25 मिलीपर्यंतचा फरक चालतो, तूट त्याहून जास्त आली तर त्या नोझलवरची विक्री थांबवायला सांगा. कोरड्या मापात केलेली चाचणी नेहमी थोडी कमीच दाखवते, आणि वाद इथेच होतात.

भेसळीसाठी फिल्टर पेपर: नोझलचं तोंड पुसून एक थेंब टाका. दोनेक मिनिटांत डाग न ठेवता उडाला तर ठीक. तेलकट डाग राहिला तर घनता तपासायला सांगा. तक्त्यावरून 15 अंश तापमानाला बदललेली घनता टँकरच्या चलनावरच्या घनतेपेक्षा घनमीटरमागे 3 किलोहून जास्त हलली, तर गडबड आहे. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915.

एक गोष्ट लोकांना माहीत नसते. डीलर माल घेतानाच सगळा कर भरून बसलेला असतो. टाकीत 20,000 लिटर असताना रात्रीतून दर साडेनऊने उतरला, तर 1 लाख 90 हजार त्याच्या खिशातून जातात. कपातीची कुणकुण लागली की पंप माल कमी का मागवतात, ते यावरून कळेल.

माल वाहतूक

डिझेल जीएसटीबाहेर असल्यामुळे त्यावरच्या कराचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) कुठेच मिळत नाही, तो सरळ भाड्यात चढतो. त्यामुळे वार्षिक करारात डिझेल-फरकाचं कलम हवंच. सूत्र: भाडेवाढ = डिझेलचा खर्चातला वाटा × दरातली टक्केवारी वाढ. करार 90 च्या दरावर, आज 96, वाटा 45 टक्के. 6 भागिले 90 म्हणजे 6.67 टक्के, त्याच्या 45 टक्के म्हणजे 3. भाडं 40,000 असेल तर 1,200 वाढ. कुठल्या शहराचा दर, कुठल्या तारखेचा (पंधरवड्याची सरासरी बरी), आणि दर उतरला तर भाडंही उतरणार का, हे लिहून घ्या. 'बाजारभावाप्रमाणे' एवढंच लिहिलं की बिल अडकलंच म्हणून समजा.

ट्रॅक्टरवाला

डिझेलच्या शुल्कात लिटरमागे 2 रुपये रस्त्याचा उपकर आहे. नांगरटीला जळणाऱ्या डिझेलवरही तो लागतोच! बांधाच्या आत कुठला आलाय रस्ता?

वाचवायचं असेल तर हलक्या कामाला गिअर वरचा, रेस कमी. एक्झॉस्टमधून काळा धूर आला म्हणजे इंजिन दबतंय, तेव्हा गिअर खाली घ्या. चाकं 15 टक्क्यांपेक्षा जास्त घसरत असतील तर वजनं लावा किंवा नांगराची खोली कमी करा. मोजायला सोपं: टायरवर खडूने खूण करा, दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती पुढे जातो ते आधी मोकळा चालवून आणि मग नांगर लावून मोजा.

गॅरेज

ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल; ई-10 मध्ये 10 टक्के) बद्दल थोडक्यात. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात जुन्या, ई-10 वर ट्यून केलेल्या चारचाकींसाठी 6 ते 7 टक्के, दुचाकींसाठी 3 ते 4 टक्के मायलेज घटेल असा अंदाज होता. म्हणजे दर तोच राहिला तरी किलोमीटरचा खर्च वाढला. टाकीत पाणी गेलं की इथेनॉल पाण्यासोबत तळाशी बसतं आणि गाडी झटके देते. अशा वेळी वरून नवं पेट्रोल ओतून भागत नाही, टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. पावसाळ्याआधी टाकीच्या झाकणाचं रबर बदलून घ्या.