मस्टर ड्रिल: केशरी जॅकेटातले तुमचे अनुभव लिहा

निळावंती
काल फोनने आपणहून जुने फोटो वर काढले. सिंगापूरची क्रूझ, 2013. सासूबाई डेकवर उभ्या, हिरवी काठपदराची साडी, त्यावर भडक केशरी लाइफ जॅकेट, आणि पट्टे असे आवळलेले की पदर पार कानाशी आलाय. मागे आमच्या ग्रुपातले चाळीसेक मराठी लोक. बॅगा अजून खोलीत आलेल्या नाहीत, पोटात कावळे, आणि वर बुफे सुरू झाल्याची बातमी कुणीतरी फोडलेली. तेवढ्यात मस्टर ड्रिलचे भोंगे, म्हणजे जहाज संकटात सापडलं तर जॅकेट घालून कुठे जमायचं त्याचा सराव. टूर मॅनेजर बिचारा "जेवण कुठे पळून जात नाहीये हो" म्हणत सगळ्यांना जिन्याने हाकत होता. एक काका "मी नेव्ही नगरला राहिलोय, मला काय शिकवता" म्हणाले आणि जॅकेट उलटं घालून बसले.

सासूबाई मात्र पहिल्या रांगेत. इंग्रजीचा एक शब्द कळत नाही, पण जॅकेट घालून दाखवणाऱ्या मुलीच्या हातांकडे बघून बकल लावलं, सोडलं, परत लावलं. बाकीच्यांनी ड्रिल संपल्या संपल्या जॅकेटं काढली, ह्यांनी नाही. चहाही त्यातच प्यायल्या.

तुमचेही लिहा. क्रूझच पाहिजे असं नाही, बोट, लाँच, नदीवरची तर (होडी), काहीही चालेल. पोळ्या उरकून येते.

दहीभात
सात छोटे भोंगे आणि एक लांब ना? आमच्याकडे राजम्याचा कुकर अगदी असाच वाजतो. तेव्हाही कोणी जागचं हलत नाही.

वरंधा_घाट
नेव्ही नगरवाले काका प्रत्येक टूरवर असतात. कंपनीच पाठवत असणार.

मिरजमळा
आता ती मजा गेली. मागच्या उन्हाळ्यात सिअॅटलहून अलास्का केली. फोनवर व्हिडिओ बघायचा, खोलीतल्या टीव्हीवर भोंगा ऐकायचा, मग आपल्या स्टेशनवर, म्हणजे जमायच्या जागी, जाऊन कार्ड दाखवायचं, बीप, झालं. कोविडमध्ये गर्दी नको म्हणून सुरू केलं आणि लोकांना आवडलं म्हणून बऱ्याच कंपन्यांनी तसंच ठेवलं. जॅकेट घालावंही लागलं नाही. मुलं खूष. बाबा नाखूष. "व्हिडिओ बघून कोणी सायकल शिकलंय का" म्हणाले आणि आम्हाला सगळ्यांना घेऊन केबिनपासून स्टेशनपर्यंत जिन्याने चालत गेले, परत आले, मग दुसऱ्या बाजूच्या जिन्याने. आठवा मजला ते चौथा. आईचे गुडघे दुखायला लागले तेव्हा थांबले.

फुरसुंगी_फास्ट
मुंबई-गोवा क्रूझ. ऑफिसची गँग. ड्रिल होईपर्यंत बार बंद, हे कळल्यावर जे चेहरे झाले ते पाहायला हवे होते. आमच्यातला एक बाथरूममध्ये लपला. स्टाफ प्रत्येक केबिन तपासत येतो हे त्याला कुठे ठाऊक! नाव आणि केबिन नंबरासकट स्पीकरवर पुकारा झाला, तिथे चारशे लोक त्याच्यासाठी ताटकळत उभे. तो आला तेव्हा टाळ्या. अजून त्याला ऑफिसात 'मिसिंग पॅसेंजर' म्हणतात.

दहीभात
बार बंद हीच खरी इमर्जन्सी.

हर्णैची_सून
हसा हसा. माझा नवरा क्रूझवर गॅलीत आहे, गॅली म्हणजे जहाजाचं स्वयंपाकघर. तुमचं ड्रिल पहिल्या दिवशी एकदा. त्यांचं दर आठवड्याला, बहुतेक जहाज बंदराला लागलेलं असतं आणि तुम्ही फिरायला गेलेले असता तेव्हा. रात्री एकला ड्युटी संपवून झोपलेला माणूस सकाळी जॅकेट घालून उभा. तेवढीच काय ती मोकळी सकाळ असते, तीही त्यात जाते. फोनवर कंटाळून बोलतो, पण चुकवत नाही, चुकवताच येत नाही.

प्रत्येकाला एक इमर्जन्सी नंबर असतो आणि त्या नंबराला काम ठरलेलं. कांदा चिरणारा, चादरी बदलणारा, रात्री स्टेजवर नाचणारी, सगळ्यांना. ह्याचं काम जिन्याच्या वळणावर उभं राहून लोकांना "इकडून" असं हात करून दाखवायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? पण दिवे गेलेत, धूर आहे, खालून दोनशे माणसं वर येतायत आणि हा तिथेच उभा राहणार. वरून हुकूम येईपर्यंत जागा सोडायची नाही. आणि लाइफबोटीत आधी तुम्ही बसणार. जहाजावरच्या बऱ्याचशा कामगारांच्या वाट्याला राफ्ट असतो, फुगवायचा. हे मला लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं, तेही त्याच्या मित्राच्या बायकोकडून.

बाळ उठलं, बाकीचं नंतर.

निळावंती
बापरे. राफ्टचं माहीतच नव्हतं. आमच्या स्टेशनवर जॅकेट दाखवणारी मुलगी रात्री खरंच स्टेजवर दिसली होती, आम्ही सगळे "अगं ही तीच!" करत होतो.

सोलापुरी_चादर
हर्णै ताईंनी बरोब्बर लिहिलंय. मी हाउसकीपिंगला होतो, आता सोडलं, गावाकडे हॉटेल टाकलंय. आम्ही सोलापूर बाजूची पोरं, पोहणं सगळं विहिरीतलं. सीडीसी, म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, काढायच्या आधी जे कोर्स करावे लागतात त्यात एक जीव वाचवायचा, एक आगीचा. टाकीच्या वर फळी, जॅकेट घालून त्यावर उभं करतात. एक हात नाक-तोंडावर, दुसऱ्या हाताने जॅकेट खाली घट्ट धरायचं, नजर समोर, पाय जुळवून एक पाऊल पुढे. सूर मारायचा नाही. जॅकेट खाली धरलं नाही तर पाण्याला लागताच ते वर उसळतं आणि हनुवटीला असा दणका बसतो की बस्स. आमच्या बॅचमधल्या एकाची जीभ फाटली. मग उलटा झालेला राफ्ट पाण्यातून सरळ करायचा, वाऱ्याकडे तोंड करून. आगीच्या कोर्सला धुराच्या खोलीत रांगत जायचं, भिंतीला उलटा हात लावून.

प्रवासी ड्रिलला काय काय करतात ते लिहायला बसलो तर रात्र होईल. एक बाई कुत्रा कुठल्या बोटीत बसणार विचारत होत्या. कुत्रा घरी होता, दिल्लीला.

वरंधा_घाट
उलटा हात का?

सोलापुरी_चादर
विजेच्या तारेला तळवा लागला तर मूठ आवळते, सुटत नाही. उलटा हात असला की झटका बसून मागे येतो.

वरंधा_घाट
हे घरीही कामाचं आहे. धन्यवाद.

केतकी_पान
आमचं पिल्लू तेव्हा चार वर्षांचं. मनगटाला पट्टा बांधतात, त्यावर स्टेशनचा नंबर, म्हणजे मूल हरवलं तर कुठे आणून सोडायचं ते कळतं. पट्टा त्याला इतका आवडला की घरी आल्यावरही काढू देईना, शाळेत घालून गेला. जॅकेटला शिट्टी असते. "वाजवू नका, सगळे तोंड लावतात" असं तीनदा सांगितलं. ह्याने वाजवली. मग शेजारच्या गुजराती कुटुंबातल्या तिघांनी वाजवली. मग एका आजोबांनी. पुढची दोन मिनिटं कुणालाच काही ऐकू आलं नाही.

पेठेतली_मावशी
आईला व्हीलचेअर. ड्रिलमध्ये लिफ्ट वापरायची नाही हे कळल्यावर माझ्या पोटात गोळा. आम्ही आधी कळवलं होतं तरी पहिल्यांदा कोणी आलंच नाही, भोंगे होऊन गेले, आम्ही दोघी कॉरिडॉरमध्ये उभ्या. मी रिसेप्शनला जाऊन चांगलीच बोलले. मग एक बुटका फिलिपिनो सुपरवायझर आला, माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त आमच्यासाठी ड्रिल केलं. जिन्यावरून उतरणारी एक खुर्ची असते, तिला पट्टे. दोन मुलांनी आईला तीन मजले उतरवून दाखवलं. आईने त्यांना बॅगेतली खोबऱ्याची वडी दिली. ज्यांच्याकडे व्हीलचेअर आहे त्यांनी चढल्या चढल्या स्वतः जाऊन नाव नोंदवा, बुकिंगवर विसंबू नका.

मिरजमळा
+1. आईचे गुडघे आम्हीही लिहून दिले होते.

रोमची_रिक्षा
इटलीत राहते म्हणून लिहिते. कॉस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज आठवतंय ना? 13 जानेवारी 2012, जिलिओ बेटाजवळ खडकावर घासलं, 32 माणसं गेली. त्याच संध्याकाळी चिविताव्हेक्किया बंदरातून चढलेल्या शेकडो लोकांचं ड्रिल झालंच नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी ठेवलेलं. आणि तेव्हा ते नियमात बसत होतं! चोवीस तासांत घ्या असा नियम. जहाज तर काही तासांतच आपटलं. 1 जानेवारी 2015 पासून नियम बदलला, निघण्याआधी किंवा निघताच ड्रिल. म्हणून आता बुफे सोडून उभं करतात. सगळ्यात शेवटी ज्याचे अवशेष सापडले तो आपल्या मुंबईचा वेटर होता, 2014 च्या नोव्हेंबरात. त्याचा भाऊ इतकी वर्षं चकरा मारत होता.

आमच्या इटालियन शेजारीण बाई अजून क्रूझचं नाव काढलं की छातीवर क्रॉसची खूण करतात.

हर्णैची_सून
तो वेटर वसईकडचा. आमच्याकडे ती बातमी आली तेव्हा घरात दोन दिवस टीव्ही लावला नाही. स्वतःचं जॅकेट दुसऱ्याला दिलं म्हणतात.

ओस्लोकर
मार्च 2019 मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ हुस्टाडविकाला वायकिंग स्काय या क्रूझ जहाजाची इंजिनं बंद पडली, वादळात. आम्ही घरी टीव्हीसमोर. हेलिकॉप्टरने एकेक करून 479 लोक उचलले, बाकीचे जहाजाबरोबरच बंदराला आले. लोक तासन्‌तास जॅकेट घालून बसलेले, छताचे पत्रे पडतायत, खुर्च्या इकडून तिकडे सरकतायत. तेव्हापासून मी ड्रिलमध्ये जोक मारत नाही. बायको म्हणते इतर वेळीही मारू नकोस.

तिखटमीठ
क्रूझ वगैरे नाही केली, पण गेटवेहून मांडव्याला नेहमी जाते. डिसेंबर 2024 मध्ये एलिफंटाच्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली त्यानंतर जॅकेट सक्तीचं केलं. आता पोरगा चढताना प्रत्येकाच्या हातात एक देतो. ओलसर, कुबट, एका बाजूची दोरी गायब. लोक ते पाठीला उशी म्हणून घेतात किंवा बसायला. मागच्या शनिवारी एका बाईने त्यावर वडापाव ठेवला. मी घालते. नातेवाईक हसतात. हसू देत.

निळावंती
तिखटमीठ, तुमचं वाचून आता लिहितेच. आमच्या सासूबाई रेवसच्या बाजूच्या. त्यांचा थोरला मामा रामदास बोटीवर होता.

हे आम्हाला सिंगापूरला त्या चहाच्या टेबलावर कळलं. त्याआधी घरात कधी विषयच नाही. 17 जुलै 1947, गटारीचा दिवस, मामा मुंबईहून सणाला घरी निघालेला. सासूबाई तेव्हा पाच-सहा वर्षांच्या असतील. म्हणाल्या, "आमच्या आजीनं मटण शिजवून झाकून ठेवलेलं. तिसऱ्या दिवशी शेजारणीनं ते टोप उचलून नेलं न घासून आणून दिलं." एवढंच बोलल्या आणि बिस्कीट बुडवलं. नेव्ही नगरवाले काका शेजारीच होते, ते उठून गेले आणि जॅकेट घेऊन परत आले.

खारेपाट
रामदास! आमच्या आजीच्या तोंडून ऐकलंय. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी निघाली, काशाच्या खडकाजवळ लाटेने कलली, लोक एका बाजूला धावले आणि पालथी. सहाशेच्या वर माणसं. बोटीवर वायरलेस नव्हता. मुंबईत कळलं ते पोहून वाचलेली माणसं किनाऱ्याला लागल्यावर. अलिबाग भागात कित्येक घरांत गटारी करत नाहीत त्याचं कारण हेच.

तिखटमीठ
आमच्याकडेही करत नाहीत. कधी विचारलं नव्हतं का ते.

केतकी_पान
अंगावर काटा आला. निळावंती, सासूबाई आहेत का आता?

निळावंती
आहेत की! समोर बसून शेंगा सोलतायत. "कोणाकोणाला सांगतेस माझं" म्हणाल्या. आणि दाणे आण म्हणाल्या.

फुरसुंगी_फास्ट
आजींना नमस्कार सांगा. मिसिंग पॅसेंजरलाही धागा पाठवतो.

आलेपाक
जरा वेगळं विचारते. डिसेंबरात पहिल्यांदाच जातोय, लक्षद्वीपची. उलटीची गोळी ड्रिलच्या आधी घ्यायची की नंतर? आणि शाकाहारी पोळी-भाजी मिळते का, की ब्रेडवरच दिवस काढायचे? मुलीला ब्रेड चालत नाही.

सोलापुरी_चादर
गोळी डॉक्टरला विचारून घ्या, पण मळमळ सुरू व्हायच्या आधी. उशिरा घेतली की उपयोग नाही. केबिन खालच्या मजल्यावर आणि मधोमध बघा, तिथे कमी हलतं.

दहीभात
आलेपाक, तुमच्या नावातच औषध आहे.

हर्णैची_सून
भारतातल्या क्रूझवर शाकाहारी, जैन सगळं मिळतं. पोळी मिळते, पण गव्हाची कमी, मैद्याची नान जास्त. गव्हाचीच हवी तर पहिल्या दिवशीच वेटरला सांगून ठेवा, वेगळी करून देतात. दुपारी दीडच्या पुढे मागू नका, तेव्हा गॅलीत फार धावपळ असते.

आलेपाक
थँक्यू ताई! तूप घरचं नेलं तर चालतं का?

हर्णैची_सून
बहुतेक काढून ठेवतात चढतानाच. लोणच्याची छोटी बंद बाटली माझ्या बहिणीची आत जाऊ दिली होती, तूप मात्र धक्क्यावरच राहिलं.