घरी पोचलं म्हणजे सुटलं असं नाही

एकांनी लिहिलंय, २०२० मध्ये कोरोना पसरला तेव्हा चीनमधून परतलेली आपली शिकणारी मुलं सुटली. जीव वाचला हे खरंच, पण पुढचं कुणी विचारत नाही. माझी भाची, इंदूरच्या रामबागेतली, मेडिकलला तिकडे होती. जानेवारीत सुट्टीला छोटी बॅग घेऊन आली आणि चीनचे व्हिसा बंद झाल्याने इथेच अडकली. पुस्तकं, ॲप्रन, गरम कपडे सगळं होस्टेलच्या कपाटात. वर्ग ऑनलाइन, तिथले आठ म्हणजे आपले साडेपाच; पहाटे देवघराशेजारी स्वेटर घालून लॅपटॉपसमोर बसायची, माईक बंद ठेवून, घरचे झोपलेले म्हणून. पण पडद्यावर रुग्णाचं पोट दाबून कसं बघणार?

चीनने विद्यार्थी व्हिसा पुन्हा सुरू केले ऑगस्ट २०२२ मध्ये. त्याच्या आधीच्या महिन्यात आपल्या वैद्यकीय आयोगाने ३० जून २०२२ पर्यंत पदवी मिळालेल्या शेवटच्या वर्षाच्या परतलेल्या मुलांना एफएमजीई, म्हणजे परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना इथे काम करण्यासाठी द्यावी लागणाऱ्या परीक्षेची मुभा दिली, मात्र इंटर्नशिप एकाऐवजी दोन वर्षं. ही अट मला पटते. रुग्णाला हात न लावता डॉक्टर होता येत नाही. चीड येते ती मधल्या वर्षांतल्या मुलांना एवढा काळ लटकत ठेवल्याची. हुशार, कष्टाळू पोरं होती हो ती.