गावच्या कुस्ती मैदानासाठी खासबागेतून काय घेता येईल?

जत्रा कमिटी
यंदा जत्रेत मातीवरचं मैदान भरवायचं आहे. जागा सपाट, दोन एकर. कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसते, ते कशामुळं? सपाट जागेवर त्यातलं काय जमेल? हौदाला, म्हणजे कुस्ती होते त्या मातीच्या चौकोनाला, माती किती लागेल?

करवीरकर
शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले, तेव्हा त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं. खासबागेची कल्पना तिथली. १९०७ ला काम सुरू झालं आणि १९१२ ला मैदान तयार झालं. मधोमध हौद आणि भोवती वाडग्यासारखी चढत गेलेली बैठक, हे त्याचं मर्म. क्रिकेटला उभा खेळाडू दिसला तरी भागतं. कुस्तीचा निकाल पाठ मातीला लागते तेव्हा लागतो, म्हणून प्रत्येकाची नजर थेट मातीपर्यंत पोचली पाहिजे.

तुमच्याकडं उतार नाही, तर हौद दीड-दोन फूट उचला. त्याहून जास्त नको. मांडी घालून बसलेल्याचे डोळे जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर असतात. हौद त्याच्या वर गेला की पुढच्या रांगांना माती दिसणारच नाही. मागं मुरमाच्या पायऱ्या करा आणि लांब जाल तशी पायरी थोडी उंच करत न्या. सगळ्या सारख्या केल्या तर मागच्यांना पुढच्यांची डोकी आडवी येतात.

लाल माती
२० बाय २० फुटांच्या हौदात एक फूट मऊ माती धरली तर ४०० घनफूट, म्हणजे चार ब्रास. माती दबते, तेव्हा पाच मागवा. खालचा भराव मुरमाचा चालेल. उचललेल्या हौदाला विटांची उघडी कड मात्र अजिबात ठेवू नका. पैलवान झटापटीत बाहेर जातात, मनगट नाहीतर खांदा जायचा. चारही बाजूंना चार-पाच फुटांचा मातीचा उतार द्या. त्याची माती वेगळी धरा.

माती तांबडीच हवी. काळी ओली झाली की चिकटते, वाळली की ढेकळं होतात. बारीक चाळणीतून चाळून खडे, काचा, मुळं काढा. मग काव, हळद, कापूर, लिंबू, ताक आणि तेल घालून निदान आठ दिवस रोज उकरून खालीवर करा. तेल बेतानं. घामानं निसरडं झालेल्या अंगावर पैलवान माती टाकतो ती पकड मिळावी म्हणून. तेल जास्त झालं तर तीच सुटते.

हलगी
ओल तपासायला मूठभर माती दाबा. लाडू वळला पाहिजे आणि बोटानं टोचल्यावर फुटला पाहिजे. वळलाच नाही तर धूळ डोळ्यांत जाईल, पाणी शिंपडा. फुटलाच नाही तर एक ऊन दाखवून पुन्हा उकरा. मैदान सुरू असताना दर सात-आठ कुस्त्यांनंतर खोऱ्यानं माती मोकळी करून घ्या, तुडवून घट्ट झालेल्या हौदात आपटलं की खांदा दुखावतो. वळवाच्या पावसासाठी हौद पूर्ण झाकेल एवढी ताडपत्री आदल्या रात्रीच टाकून ठेवा.