मदत हवी आहे: नर उंदरांची मारामारी थांबेना

नमस्कार मंडळी. आमच्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये (प्रयोगांसाठीचे प्राणी ठेवतात ती जागा) बाल्ब-सी या प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांच्या जातीचे नर एका पिंजऱ्यात चार-चार ठेवलेत. खोली २२ अंशांवर असते. उंदराला खरं तर ३०च्या आसपास ऊब लागते, म्हणून घरट्यासाठी टिश्यू पेपर दिला. काय सुंदर घरटी केली पठ्ठ्यांनी! मग हौसेने प्लास्टिकचं छोटं घर ठेवलं आणि तिथेच बिनसलं. एक दादा दारात ठाण मांडतो, बाकीच्यांच्या पाठीवर, शेपटीवर चावे. घर काढून टाकू की दोन्हीकडून उघडी नळी देऊ? पिंजरा बदलताना जुनं घरटं सोबत हलवतो, भुसा मात्र नवा घालतो. बरोबर आहे ना? एकेकटं ठेवणं जिवावर येतं. आणि प्रयोगाच्या मध्येच बदल केला तर वागणुकीच्या चाचण्यांचे आकडे बिघडतील का?