मदत हवी आहे: आकाशकंदील लंडनला पाठवायचाय, वजन ७०० ग्रॅम, बिल १३ किलोचं!

नमस्कार मंडळी,
धाकटी बहीण लंडनला असते. तिला दिवाळीसाठी कापडी आकाशकंदील आणि थोडा चिवडा-चकली पाठवायची आहे. कंदील जेमतेम ७०० ग्रॅमचा, पण ४० सेंमीच्या चौकोनी खोक्यातच मावतो. कुरिअरवाल्याने तिन्ही बाजूंचा गुणाकार करून ५००० ने भागलं: ६४,००० भागिले ५०००, म्हणजे १२.८ किलो. प्रत्यक्ष वजन आणि हे आकारमानाचं वजन यातलं जे जास्त, त्याचे पैसे. वर पूर्णांक करून १३ किलो! विमानात जागा अडते हे पटतं, पण हवेचे पैसे मोजायला जीवावर येतं हो.

आता दोन वाटा दिसतात. एक, घडीचा कंदील घ्यायचा. ४० × ४० × १० च्या खोक्यात बसला तर हिशोब ३.२ किलोवर येतो. पण घडी घातल्यावर कापडाला चुण्या पडतात का? तिकडे पोचल्यावर तो नीट ताणून बसतो का? कुणी पाठवला असेल तर सांगा.

दुसरी, १३ किलोचे भरायचेच असतील तर कंदिलाच्या पोटात फराळ कोंबायचा. (आईचा याला जोरदार पाठिंबा आहे.) यात कंदील चेपेल अशी मला भीती. शिवाय खोकं फुगलं तर माप फुगीर भागावर घेतात म्हणे, खरंय का?

पुण्यात चपटी, मजबूत खोकी सुटी कुठे मिळतील? आणि पोस्टाने पाठवलेल्यांचा अनुभवही हवाय.